मागची काच साफ होत नाही

२३ मे १९९४, सोमवार

टपालाच्या फेरीचा पहिला दिवस. एकशे वीस किलोमीटर, त्रेपन्न टपालपेट्या, त्यातले नव्वद किलोमीटर खडीचे. 

अ‍ॅथलनं ही फेरी सव्वीस वर्षं केली. फेब्रुवारीत त्याच्या हृदयानं दगा दिला. त्याची बायको नायरी मला म्हणाली, "नोलीन, गाडी घे आणि फेरीही घे, नाहीतर दोन्ही गंजतील. मीही गंजेन, पण माझं मी बघते." घेतली. माझा नवरा केविन जाऊन तीन वर्षं झाली. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

पण गाडीची मागची काच! खडीवर चार किलोमीटर गेलं की पिठासारख्या धुळीनं पार आंधळी होते. मागचा वायपर काचेच्या मध्यावर अडकून बसलाय. पाण्याचं बटण दाबलं तर पुढं कुठंतरी घुर्र होतं आणि थोड्या वेळानं छतातून माझ्या मानेवर थंड थेंब पडतो. वेडरबर्नच्या चढाखाली एका पेटीपाशी मी ब्रेक मारला, आणि मागं मेंढ्यांचा ट्रक आहे हे मला तो भोंगा वाजवत अंगावरून गेला तेव्हा कळलं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाई, मागं डोळे नाहीत का?"

नाहीत. तेच तर.

मॅक मागं पोत्यांवर घोरत होता. माझा तेरा वर्षांचा कुत्रा, आता कशालाच घाबरत नाही.

२८ मे, शनिवार

दिवसभर गाडीच्या मागच्या दारात डोकं घालून होते. केविन असता तर हात लावू दिला नसता. पुस्तक मांडीवर घेऊन एकेक स्क्रू काढला, आणि आता मला या यंत्रातलं सगळं कळतं.

पाण्याची टाकी पुढं, बॉनेटखाली. पुढच्या आणि मागच्या काचेला एकच. तिच्या बुडाशी एकच बारकी मोटर. ती एका बाजूनं फिरली की पाणी पुढच्या काचेला जातं, उलटी फिरली की मागच्या. हे मला इतकं आवडलं की चार वेळा उगाचच बटणं दाबली. मागची नळी करंगळीहून बारीक. छताच्या अस्तरातून अख्खी गाडी ओलांडते आणि वर उघडणाऱ्या मागच्या दारात शिरते. शिरते तिथं तिच्यावर रबराची घड्याघड्यांची बाही असते. दार दर वेळी उघडलं-मिटलं की नळी तिथंच दुमडते, आणि तिथंच ती तुटली होती. म्हणून पाणी काचेवर न जाता अस्तरात, तिथून माझ्या मानेवर.

वायपरची मोटर दाराच्या आत, प्लास्टिकच्या फळीमागं. ती फिरते गोल, वायपर मात्र जातो-येतो. मधली एक छोटी तरफ ते घडवून आणते. गंजून बसली होती. भंगारवाल्याकडून दुसरी आणून बसवली.

रबराची बाही फाटलेलीच होती, ती काढून टाकली. तिथं दोन बोटं जातील एवढं भोक राहिलं. फळीमागचा प्लास्टिकचा पडदा फाटून हातात आला, तोही टाकला. फळी आत्ता लावली नाही. नळी परत निसटली तर पुन्हा सगळं कोण खोलणार? दाराच्या बुडाला पाणी निथळायला भोकं असतात. फळी नसल्यामुळं ती आता गाडीत बसून दिसतात, त्यातून खालची जमीनही दिसते. दिसू देत. टपालाची गाडी आहे, लग्नाची नव्हे.

३ जून, शुक्रवार

चाललं! बटण दाबलं की आधी पिचकारी, मग वायपर तीनदा जातो-येतो आणि खाली आपल्या जागी जाऊन बसतो. नायरीच्या फाटकापाशी मुद्दाम करून दाखवलं.

ती म्हणाली, "वा! अ‍ॅथलनं सहा वर्षं नुसत्या शिव्या घातल्या त्या वायपरला. तू दहा दिवसांत केलंस. हे त्याला वर ऐकू गेलं तर परत मरेल."

मी विचारलं, पुढच्या काचेपेक्षा मागची इतकी का मळते? तिनं हातानं दाखवलं. "गाडी हवा फाडत पुढं जाते ना, तिच्या ढुंगणामागं पोकळी राहते. ती भरायला हवा उलटी वळून येते, येताना रस्त्यावरचं सगळं घेऊन येते. अ‍ॅथल म्हणायचा, आपली गाडी आपलीच घाण ओढून घेते."

आज पहिल्यांदा फेरी संपेपर्यंत एकदाही छातीत धडधडलं नाही.

१४ जून, मंगळवार

जून म्हणजे इथला ऐन हिवाळा. उणे सात. टाकीतल्या पाण्यात स्पिरिट घातलं, नाहीतर काचेवरच बर्फ होतो. ओढ्याच्या उतारावर एक दगड खालून असा आदळला की मी ओरडलेच. उतरून पाहिलं, गळत तर काही नव्हतं. तेव्हापासून गाडी ट्रॅक्टरसारखी आवाज करतेय. सायलेन्सर असेल. महिनाअखेरीला दाखवीन, आत्ता टपाल फार आहे.

सगळ्या काचा घट्ट बंद. बाहेरची हवा घ्यायची खिटीही बंद केली, त्यामुळं गाडी लवकर गरम होते. सर्दीनं नाक आठवडाभर चोंदलेलंच आहे.

१७ जून, शुक्रवार

डोकं दुखतंय. कपाळाभोवती कोणी चामड्याचा पट्टा आवळल्यासारखं. दोन गोळ्या घेतल्या.

२१ जून, मंगळवार

लिहू की नको. ही वही कोणी वाचत नाही, तर लिहिते.

आज पाटेरोआच्या लांब सरळ रस्त्यावर माझ्या मागं कोणीतरी बसलं होतं.

पाहिलं नाही. आरशात फक्त पोती आणि मॅकचे कान. पण होतं. माणूस बोलण्याआधी घसा साफ करतो तसा आवाज आला. कानात घंटेसारखं वाजत होतं आणि छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं झालं. मी गाडी थांबवली, उतरले, मागचं दार उघडलं. कोणी नाही. थंड हवेत पाच मिनिटं उभी राहिले तर सगळं निवळलं. परत बसले. दहा किलोमीटरवर तो पुन्हा आला.

आई भांडी घासता घासता अशीच थबकायची. "माझ्या मागं कोण उभं आहे गं?" म्हणायची, आणि वळून बघायची नाही. तिला समुद्रकाठच्या वेड्यांच्या त्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि मी चौदा. तिथंच ती गेली. माझ्या लेकीला, ट्रीनाला, मी सांगितलंय की तिची आजी न्यूमोनियानं गेली.

मी मार्चमध्ये सत्तेचाळीसची झाले.

२४ जून, शुक्रवार

मागच्या काचेला पुन्हा काहीतरी झालंय. पंप ठीक, पिचकारी ठीक, वायपर ठीक, आणि तरी काचेवर करडी साय. पाणी मारते, वायपर फिरतो, धूळ जाते, साय राहते. वायपरचं रबर बदललं. राहते ती राहतेच. भंगारवाल्याचीच मोटर कमजोर असेल, पातं काचेवर दाबलं जात नसेल.

की काच स्वच्छच आहे आणि मलाच तशी दिसते?

२९ जून, बुधवार

आज एका पेटीपाशी पाकिटावरचं नाव वाचता येईना. अक्षरं दिसत होती, त्यांचं नाव होत नव्हतं. मी कितीतरी वेळ तशीच बसून. शेवटी कुठल्यातरी पेटीत टाकलं. संध्याकाळी दोन घरांतून फोन आले. एक बाई हसून म्हणाली, "नोलीन, माझं बिल शेजाऱ्यांना दिलंस, त्यांनी भरलं तर राहू दे." मीही हसले. रिसीव्हर ठेवल्यावर ओकले.

आईनं असंच सुरू केलं होतं. साखरेच्या बरणीत मीठ.

३ जुलै, रविवार

कालपासून बरी आहे. अगदी बरी. केक केला, नायरीकडे नेऊन दिला. ती म्हणाली, "तोंड उतरलंय तुझं. जेवतेस ना? की नुसता चहा?" मी म्हटलं, थंडीनं. तिला सांगता सांगता राहिले. पण या पठारावर एक शब्द बोललं तर शुक्रवारपर्यंत रॅनफर्लीच्या दुकानात पोचतो.

शनिवार-रविवारी बरी असते. म्हणजे कामाचा ताण सोसत नाही. दुबळ्या डोक्याचं हेच लक्षण असणार.

५ जुलै, मंगळवार

डॉक्टरकडे गेले. जायला नको होतं. त्यांनी विचारलं, आणखी काही त्रास? काही भास वगैरे? "छे," मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." त्यांनी डोळे तपासायची चिठ्ठी दिली. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. आईचाही निघायचा, डॉक्टर घरी आले की.

७ जुलै, गुरुवार

मॅक सकाळी गाडीत चढेना. मागचं दार उघडलं तर शेपूट पायांत घालून सरपणाच्या ढिगामागं गेला. तेरा वर्षांत असं कधी केलं नाही. म्हणजे त्यालाही ते कळतंय. मागं कोण बसतं ते त्यालाही दिसतं.

मला त्याही स्थितीत बरं वाटलं, की मी एकटीच नाही. म्हणून त्याला पट्टा धरून ओढलं आणि उचलून आत घातलं. मला एकटीला त्या गाडीत बसवत नाही.

८ जुलै, शुक्रवार

मॅक गेला. फेरी संपवून मागचं दार उघडलं तर पोत्यावर आडवा, जीभ बाहेर. उचलला तर मान लटकली. म्हातारा होता. वेळ झालेलीच होती.

जमीन गोठलेली. पहारीनं खणायला दोन तास लागले.

११ जुलै, सोमवार

ट्रीनाचा फोन. शुक्रवारी दुपारच्या बसनं रॅनफर्लीला उतरते, आठवडाभर राहणार. सहावा महिना संपत आला. "आई, कंबर इतकी दुखते की बसवत नाही. तुझ्या गाडीत मागं आडवी पडून येईन, चालेल?" मी म्हटलं, का नाही चालणार. मागची बैठक पाडून गादी टाकते, मॅकची जागा मोकळीच आहे.

तिच्यासमोर नीट राहायला हवं. आठवडाच आहे. एक आठवडा कोणीही नीट राहू शकतं.

१४ जुलै, गुरुवार

गादी टाकली, दोन उशा, लोकरीची गोधडी. मागची काच आत्ता परत धुतली. तशीच.

१८ जुलै, सोमवार. डनीडन, इस्पितळ

शुक्रवारचं लिहून काढते. लिहिलं नाही तर मी त्यातलं काही बदलून टाकीन.

दोन वाजता ट्रीनाला बसथांब्यावरून घेतलं. फेरीच्या शेवटच्या अठरा पेट्या राहिल्या होत्या. ती मागं गादीवर आडवी झाली, डोकं मागच्या दाराकडे, म्हणजे तिला माझ्याशी तोंड करून बोलता येईल. पडल्या पडल्या म्हणाली, "कसला वास गं हा?" मी म्हटलं, "जुन्या गाडीचा." मग ती बाळाच्या नावांविषयी बोलत होती. मुलगी झाली तर अमुक, मुलगा झाला तर तमुक. मधेच म्हणाली, "आई, मळमळतंय. डोकंही चढलंय." मी म्हटलं, "या दिवसांत होतंच. झोप जरा." तिनं बोलणं थांबवलं. मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते: मला बरं वाटलं, कारण तिच्याशी नीट बोलायला डोकं फार चालवावं लागत होतं, आणि तो मागं बसणारा घसा साफ करायला लागला होता.

नायरीची पेटी शेवटून चौथी. तिथं उतरले तर पाय माझे नव्हते. पेटीचा खांब धरायला गेले आणि खडीवर तोंडावर पडले. किती वेळ पडले होते माहीत नाही. गालाखाली बर्फ, आणि इंजिनाची धडधड. हळूहळू डोकं निवळलं. उठून मागचं दार उघडलं, म्हटलं, "ट्रीना, नायरीकडे चहा घेऊ या."

ती उठेना. गाल गुलाबी, छान झोपल्यासारखी. मी खांदा हलवला, तर मान लटकली.

मॅकची लटकली होती तशीच.

मी जे ओरडले ते नायरीनं घरात ऐकलं. ती गमबूट घालून, हातात बटाटा सोलायची सुरी घेऊन धावत आली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रीनाचं तोंड पाहिलं आणि आधी पुढं जाऊन चावी फिरवून इंजिन बंद केलं. "बाहेर काढ तिला! पाय धर! नोलीन, पाय धर म्हणते ना!" दोघींनी तिला ओढून गवतावर आणलं. नायरी तिच्या तोंडात फुंकत होती, मधे मान वर करून मला म्हणत होती, "माझा भाऊ शेडमध्ये ट्रॅक्टर चालू ठेवून बसला होता. असाच गुलाबी झाला होता. जा, फोन कर. पळ!"

मी फोन करून परत आले तेव्हा ट्रीना ओकत होती. त्याहून सुंदर आवाज मी ऐकलेला नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत नायरीनं दोन गोधड्या आणल्या आणि ट्रीनाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला म्हणाली, "मागचं दार दाखव." मी उघडलं आणि काच कितीही धुतली तरी साय निघत नाही, हेही बडबडले. तिनं त्या उघड्या सांगाड्याकडे पाहिलं, बुडाच्या भोकांकडे, नळीच्या भोकाकडे. मग हात लांब करून काचेवरून बोट ओढलं. आतल्या बाजूनं. बोट काळं झालं.

"नोलीन," ती म्हणाली, "तू महिनाभर बाहेरून धूत होतीस गं."

मला तेव्हाही कळलं नाही. तिला सगळं उलगडून सांगावं लागलं. दगडानं सायलेन्सर फुटला, तो मागच्या दाराच्या बरोबर खाली. धूर पोकळीत ओढला जातो, धुळीसारखाच. धुळीला काच आडवी येत होती. धुराला मी वाट करून ठेवली होती, फळी काढून.

२० जुलै, बुधवार

बाळाचे ठोके ठीक आहेत. बाकी जन्मल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी पेन खिशाला लावलं, काढलं, परत लावलं. ट्रीनाला प्राणवायू चालू आहे. मला दोन दिवस दिला होता. माझ्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड, धुरातला विषारी वायू, होता. महिनाभर थोडा थोडा जात असणार. डोकेदुखी, छातीवरचा गुडघा, वाचता न येणं, घसा साफ करणारा माणूस, सगळं त्याचंच.

"महिनाभर त्रास होत होता आणि कोणाला बोलला नाहीत?"

"नाही."

"का?"

त्यांना म्हटलं, टपाल फार होतं. खरं उत्तर वहीला: तुम्ही मला आईच्या त्या इस्पितळात पाठवाल म्हणून. एवढंच उत्तर आहे. माझं डोकं फिरलंय हे कोणाला कळू नये म्हणून मी कुत्र्याला ओढून आत घातलं आणि पोरीला त्याच जागी झोपवलं.

डोकं ठीक आहे म्हणून आनंद व्हायला हवा. होत नाही. भीती आहे तिथंच आहे, फक्त आता तिला ट्रीनाचं पोट दिसतं.

३१ जुलै, रविवार

ट्रीनाला काल घरी आणलं. नायरीच्या गाडीतून, सगळ्या काचा उघड्या, तिघी टोप्या घालून. नायरी म्हणाली, "न्यूमोनियानं मेलो तर निदान काय झालं ते कळेल."

न्यूमोनिया शब्द ऐकला आणि मला ट्रीनाला सांगितलेलं ते खोटं आठवलं. आज जेवणानंतर ट्रीनाला सांगितलं. आजीचं सगळं. इस्पितळ, साखरेतलं मीठ, मागं उभा असलेला माणूस. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

मला वाटलं ती रागावेल.  तिनं विचारलं, "तिला कुठं भास व्हायचे? सगळ्या घरात?"

"स्वयंपाकघरात. ती तिथंच असायची ना. थंडीत तर आम्ही सगळेच."

"आणि उन्हाळ्यात?"

मी आठवलं. उन्हाळ्यात ती बागेत असायची. गाणी म्हणायची. इस्पितळातूनही दोनदा चांगली होऊन घरी आली होती. एकदा मे महिन्यात, एकदा जूनमध्ये, म्हणजे थंडीच्या दिवसांतच. दोन्ही वेळा सहा-सात आठवड्यांत परत न्यावं लागलं. सगळे म्हणाले, हिचं घरात मन रमत नाही.

"काय होतं स्वयंपाकघरात?" ट्रीनानं विचारलं. तिचा आवाज फार सावकाश होता.

"काही नाही गं. टेबल. कोळशाची लोखंडी चूल. थंडी आत येऊ नये म्हणून बाबा खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबायचे."

"आणि धुराडं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती. मी आधी विचार केला, पोटात दुखतंय की काय. मग मला कळलं. ते धुराडं कोणी कधी झाडल्याचं मला आठवत नाही; आईच्या मागंही तोच धूर उभा होता.

 बाहेर उन्हानं छपरावरचा बर्फ ठिबकत होता. शेवटी ट्रीनानं विचारलं, चूल कोण सांभाळायचं.

आईला थंडी फार वाजायची. शाळेतून आलं की मी आधी बादली भरून कोळसा आणायचे.

"मी," मी म्हटलं.